एक खिसा, दोन चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी
भिंत मी सारवली अन् ऋतुजानं खडूनं रेघोट्या मारून ठिवल्या! नात हाय म्हणून सोडली. कालेजचा अभ्यास म्हणं. कम्प्युटरच्या पोटात मोजकेच खिसे अस्त्यात — रजिस्टर. माल सगळा लांब कोठारात. काम करायचं तर कोठारातून खिशात आणायचा, झालं की नेऊन ठिवायचा.

म्हणलं, तुझ्या आज्याचं तसंच की. कोठार भरल्यालं. लग्नातल्या बैलांची नावं सांगतो. खिसे तेवढे फाटले — आत्ता जेवला ते ठावं न्हाई.

हसली न्हाई.

५ फेब्रुवारी
म्हातारा गिरणीवर गेलता, आष्टीच्या रस्त्याला घावला. ऋतुजानं चिठ्ठी लिहून त्याच्या अंगातल्या कोपरीच्या खिशात घातली — धोंडीराम, गाव कडा, फोन. कोपरीला खिसा एकच. म्हणती, "आजी, कम्प्युटरला दुसऱ्या कामाकडं उडी मारायच्या आधी परत कुठं यायचं ते खिशात पाहिजे. त्याच खिशात दुसरं घातलं की पहिलं गेलं. म्हणून पहिलं आधी कोठारात ठिवायचं, अन् आठवणीनं परत आणायचं."

म्हणलं, लई शहाणी! भाकरी जळाली बघ.

७ फेब्रुवारी
चिठ्ठी वाचून शहादेव टपरीवाल्यानं म्हाताऱ्याला घरी आणून सोडलं. पोरीला शाबासकी दिली न्हाई. डोक्यावर बसंल.

९ फेब्रुवारी
दुकानात धाडला, आलाच न्हाई. शहादेव म्हणतो, बीडच्या गाडीत चढताना दिसला. म्हाताऱ्यांना यष्टी फुकट केली — चढा कुठंबी!

ऋतुजाला लई बोलले. सकाळी कोपरी तू धुतली, चिठ्ठी तूच घालवली!

"वाळल्यावर परत घातलती, आजी."

खोटारडी.

१२ फेब्रुवारी
न्हाई घावला. चौकीत वर्दी दिली. पोरगी परीक्षेला गेली न्हाई. जेवत न्हाई. चुकलं तिचं, भोगू दे.

१४ फेब्रुवारी
गेवराईच्या पुढून एका चहावाल्याचा फोन. ऋतुजानं मोबाइलवर धाडलेला फोटो बघून केला. "बाबा परवा आलते. चिठ्ठी दावली, म्हणले, हितं जायचंय, वाट सांग. तिच्यात गूळ एक किलो, मीठ, काडीपेटी. मी हसलो, चिठ्ठी परत दिली. नदीच्या पुलाकडं गेले."

फोन ऋतुजानं धरलता. माझ्याकडं बघितलं.

१५ फेब्रुवारी
गुळाचा डबा उघडला. रिकामा. तळाला घराची चिठ्ठी. दुकानाची घालताना मीच काढलती — आल्यावर घालू म्हणून.

चौकीतून कुणी आलं तर पोरीला पुढं करायचं न्हाई. जबाब मी देणार.