खालचा पलंग हवा, डावा कान बंद

प्रिय सुलू,

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नकोस. तू बी.ए. झालेली, डॉक्टरची बायको आणि मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं चादरी उकळलेली. तरी युरोपची ट्रिप मीच आखली. टूरवाल्यांचं रंगीत पुस्तक आणलं होतं, वाचलं आणि त्याच्यावर बटाटे सोलले. चाळीस म्हातारे एका कोचमध्ये कोंबायचे, पहाटे पाचला उठवायचं, देवळापुढे दहा मिनिटं लघवीला सोडायचं, आणि पैसे मात्र मुलीच्या बापाकडून उकळावेत तसे उकळायचे. आपल्याला नको. मी अडुसष्टची, तू सहासष्टची. दोघी मिळून एक धड बाई होते, तेवढी पुरे.

कोच लंडनच्या व्हिक्टोरियाहून सकाळचा घेतला. साठीच्या पुढच्यांना तिकीट स्वस्त पडतं, पण मागितल्याशिवाय देत नाहीत, म्हणून मी मागितलं. डोव्हरला बोट, पलीकडे ऑस्टेंड, तिथून ब्रूज. मग कोलोन, मग ल्युसर्न. तीन आठवड्यांत तीनच गावं. एका दिवशी आठ गावं बघणारे लोक घरी येऊन फोटोमागची नावं वाचतात. म्हाताऱ्यांच्या रेल्वे कार्डाला आणखी एक कार्ड जोडून मिळतं, त्यावर सरहद्द ओलांडली की भाडं कमी होतं. राहायला यूथ हॉस्टेल. नावावर जाऊ नकोस, वय कोणी विचारत नाही, बायकांची खोली वेगळी असते आणि खाली स्वयंपाकघर असतं. चादरीची पिशवी मात्र आपली न्यावी लागते. माझ्या दोन सुती साड्या फाडून दोन शिवल्या. सामान म्हणून आपली भाजीची चाकांची पिशवी, कारण पाठीवर ओझं घेणं तुझ्या बरगड्यांना झेपायचं नाही. तिन्ही हॉस्टेलांना पत्रं टाकली, आत पोस्टातलं उत्तराचं कूपन घातलं, म्हणजे उत्तराच्या तिकिटाचा खर्च आपला. रेखाने, माझ्या नातीने, इंग्रजी लिहून दिलं. मी सांगितलं तेवढंच लिही: दोन बायका, एकीला खालचा पलंग हवा, तिचा डावा कान बंद आहे. रेखा म्हणाली, आजी, तू तिकडे हरवलीस तर? म्हटलं, हरवले तर तिथेच राहीन, तुझ्या आईची कोबीची भाजी खायला कशाला परत येऊ.

कान वयाने गेला असं तू सगळ्यांना सांगतेस. तुझा कान गेला तेव्हा तू चव्वेचाळीसची होतीस. दिवाळीचा दुसरा दिवस, एकाहत्तर साल. पाहुण्यांसमोर तू नवऱ्याला, श्रीनिवासला, मध्येच थांबवून म्हणालीस की पुण्याला तेव्हा बस नव्हती, टांगाच होता. एवढंच. पाहुणे गेल्यावर त्याने उघड्या पंजाने कानावर अशी मारली की आतलं काहीतरी फाटलं आणि मानेवर पाणी आलं. मग त्यानेच कापूस घातला. डॉक्टर ना तो. मारायचा आणि मलमपट्टीही करायचा, दोन्ही हात हुशार.

मला तू कधी काही सांगितलं नाहीस. मला तुझ्या अभ्र्यांनी सांगितलं. तुम्ही लेस्टरला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये होतात तेव्हा डॉक्टरांच्या घरचे कपडे आमच्याकडे धुवायला यायचे, वर नंबर घातलेले. सत्तावीस नंबरच्या गाठोड्यात महिन्याआड रक्ताचा अभ्रा. बाकीच्या बायका नाक मुरडायच्या. मी म्हटलं, अगं बायांनो, पाळीचं रक्त अभ्र्यावर येत नाही. मग एक दिवस धुतलेलं गाठोडं घेऊन मीच तुझ्या दारात आले. तू चहा विचारलास, ओठाला टाका होता. तेव्हापासून आपली मैत्री. लोकांना वाटतं आपण दोघी मराठी म्हणून.

माझंही काही निराळं नव्हतं, फक्त माझ्या घरी डिग्री नव्हती. माझा नवरा मोहन होजिअरीच्या कारखान्यातून यायचा आणि शेगडीतले कोळसे ढवळायची लोखंडी सळी घ्यायचा. मांडीवर मारायचा, म्हणजे दिसायला नको. बारा वर्षं खाल्ली. एका शनिवारी त्याने सळी आधी तापायला ठेवली, आणि ती तापेपर्यंत पेपर वाचत बसला. मी उकळत्या पाण्याची किटली उचलली आणि त्याच्या दोन्ही पायांवर रिकामी केली. चुकून सांडली असं मी कोणालाच सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही. सहा आठवडे तो चपला घालू शकला नाही आणि पुढची सोळा वर्षं त्याने माझ्यावर हात उगारला नाही. मेला तेव्हा मी रडले नाही, लोकांना वाटलं धक्का बसला. हे मी तुला शिकवत नाही. तुझ्या हातात किटली धरायची ताकद आहे का, तेही आधी बघावं लागेल.

कारण तो हातही गेला. रिटायर झाल्यावर माणसाचं धावपळीचं काम जातं आणि घरातलं वाढतं, तसं श्रीनिवासचं झालं. पूर्वी महिन्यातून एकदा व्हायचं, ते आठवड्यावर आलं. तुम्ही लंडनला दवाखाना थाटून गेलात, तिथल्या एजवेअरच्या मंडळात गणपतीला पहिली आरती त्याची, भाषण त्याचं, स्त्रियांच्या सन्मानावर. वरून कीर्तन आतून तमाशा. जानेवारीत आमटीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने तुझं डावं मनगट ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर ढकलला. एकदा नाही, तीनदा. मध्ये थांबून म्हणाला, आता लक्षात राहील. हॉस्पिटलमध्ये तू सांगितलंस, बर्फावरून घसरले. सुलू, त्या आठवड्यात तुमच्याकडे बर्फ पडलाच नव्हता. मी रोज टीव्हीवर हवामान बघते. त्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन युरोपची पुस्तकं मागितली.

तुझा पासपोर्ट त्याच्या कुलपात, हे मला माहीत होतं. पण पोस्टात वर्षाचा पासपोर्ट मिळतो, पुठ्ठ्याचा, युरोपपुरता. दोन फोटो, जन्माचा नाहीतर नागरिकत्वाचा कागद आणि फी, नवऱ्याची सही नाही. बाईने खिडकीतून शिक्का मारून दिला, पाव विकावा तसा. त्याच पोस्टात ई वन इलेव्हनचा फॉर्म, तिकडे दवाखान्याची वेळ आली तर. फक्त फोटोला अकरा दिवस थांबावं लागलं, तुझ्या डोळ्याची सूज उतरेपर्यंत. मशीनच्या पडद्यामागे तू म्हणालीस, हसू का? म्हटलं, नको, खोटा फोटो चालत नाही.

सगळ्यात अवघड विमा निघाला. पासष्टीच्या पुढे गेलं की विमावाले फॉर्म पाठवतात: आजवरची दुखणी, मोडलेली हाडं, तारखा, आणि खाली डॉक्टरांची सही. तू म्हणालीस, सोडून देऊ विमा. मी म्हटलं, सहासष्टाव्या वर्षी विम्याशिवाय जाणारी बाई मूर्ख असते, आणि तू मूर्ख नाहीस, भित्री आहेस. श्रीनिवासचा दवाखाना आता एका तरुण डॉक्टरणीने घेतलाय, तिच्याकडे गेलो. तिने तुझी जुनी फाइल काढली. नाक: पडली. बरगड्या दोन: पडली. कॉलरबोन: जिन्यावरून पडली. कान: जंतूंमुळे. सगळं एकाच अक्षरात, त्याच्या. मग दार लावून तिने तुला ब्लाउज काढायला सांगितलं. मी भिंतीकडे बघत होते, पण तिचा श्वास ऐकू आला. तिने फॉर्मची जागा पुरली नाही म्हणून वेगळे दोन कागद लिहिले. प्रत्येक दुखण्यापुढे तारीख, आणि तारखेपुढे तू तोंडाने सांगितलंस तसं, कोणी, कशाने. तुझं तोंड पहिल्या दोन ओळींना उघडत नव्हतं. नंतर थांबत नव्हतं. आपलेच दात आपलेच ओठ म्हणून बेचाळीस वर्षं गिळलेलं तिथे बाहेर पडलं. प्रवासाला फिट आहे, असं तिने शेवटी लिहिलं, आणि एक प्रत वकिलाला जाईल का असं विचारलं. तू हो म्हणालीस. मी नव्हे, तू म्हणालीस.

आता पुरे. श्रीनिवासराव, हे सगळं सुलूला कशाला लिहायचं, तिला पाठ आहे. तिची पत्रं तिच्याआधी तुम्ही फोडता, म्हणून पाकिटावर तिचं नाव घातलं. ती चष्म्याचा नंबर काढायला जाते सांगून निघाली; हे पत्र तुम्हाला उद्या मिळेल, तोवर तुम्ही दुपारभर घड्याळ बघत बसला असाल. हे लिहिताना ती माझ्याशेजारी बोटीच्या रांगेत बसलीय, चांगल्या कानाच्या बाजूला मी आहे. मंडळात तुम्ही महिनाभर सांगत फिरताय की बायकोला हल्ली आठवत नाही, ती भ्रमिष्ट झालीय. तसंच पोलिसांना सांगून तिला शोधायला लावाल, म्हणून हे लेखी: ती हरवलेली नाही, तिला सगळं आठवतं, तारखांसकट, आणि ती स्वतःच्या पायाने चाललीय. खाली तिची सही आहे, डॉक्टरणीचे कागद वकिलाकडे आहेत. परतीचं तिकीट काढलंय, ते लेस्टरचं, माझ्या घरचं. एजवेअरला ती येणार नाही. तुमच्या प्रेशरच्या गोळ्या कुठे ठेवल्यात तेवढं लिही, असं ती मघापासून माझ्या मागे लागलीय. लिहिणार नाही. शोधा.

सुलूचीच,
मधुमती

सही: सुलू