आप्पांच्या रेडिओची पेटी

९ ऑगस्ट १९८१, रविवार
कौल सरकलं आणि सगळं पाणी रेडिओवर! मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर. आप्पा घरातच होते, पण दिसायला तर हवं. काचबिंदूनं तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. बातम्या लावायला हात घातला तेव्हा कळलं त्यांना — ‘जये, पेटी फुगलीया गं. पापुद्रं सुटल्यात.’
पुसला, चुलीजवळ वाळवला. वाजतो! म्हटलं, वाजतोय ना, मग पेटीचं काय घेऊन बसलात?
जेवले नाहीत.

१५ ऑगस्ट
सुट्टी. झेंडावंदनाहून आले तर आप्पा पेटीवर हात ठेवून बसलेले. चाळीस वर्षं खडेबाजारातल्या फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम केलं त्यांनी. लग्नातली कपाटं, वकिलांच्या खुर्च्या. ‘लोकांची घरं चमकीवली. माझ्या घरात ही अशी ऱ्हाणार न्हाय.’
बरं. ते सांगणार, मी करणार. आतलं यंत्र काढून टॉवेलात गुंडाळलं, फळीवर ठेवलं. खासबागेतल्या दोन खोल्या, त्यात मधोमध ही रिकामी पेटी. येता-जाता पायाला लागते.

१६ ऑगस्ट
लाकूड चिकटवायचा सरस शिजवला. वास म्हणजे — शी! शेजारच्या मनुबाई दारातूनच, ‘जया, काय मेलंय गं तुमच्यात?’
पेटी आडवी केली. सुटलेल्या पापुद्र्याखाली सरस, वर फळी, फळीवर पाटा, पाट्यावर वरवंटा. आता दोन दिवस चटणी नाही.

२० ऑगस्ट
ऑर्डर आली. सुपरवायझर म्हणून हुबळीला. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं, सप्टेंबर संपायच्या आत होय-नाही कळवायचं. दोन वर्षांपूर्वीही आली होती. तेव्हा ‘घरगुती अडचण’ असं लिहून दिलं होतं.
आप्पा हुबळीला येणार नाहीत. इथं भिंत धरून नळापर्यंत जातात, तिथं कुठली भिंत? खानापूरकडे सोनुआक्काकडेही जाणार नाहीत. ‘लेकीच्या सासरी मी न्हाय खायाचा.’ आणि मी काय, लेक नाही?
मनुबाईंना तेवढं सांगितलं. कुणालातरी सांगावं लागतं.

२१ ऑगस्ट
फार थकले. बस.

३० ऑगस्ट
आठवडाभर ड्यूटीवरून आले की जुनं पॉलिश खरवडते. दिवसभर कानावर हेडफोन, कानडी-मराठी-हिंदी तिन्हींत ‘लाइन बिझी आहे’. घरी आलं की पॉलिश पेपर. बोटांची सालं निघाली.
आज आप्पांनी बोटं फिरवली आणि एका जागी थांबले. ‘हितं आडवं घासलंस.’
‘नाही घासलं.’
‘रेघा लागत्यात की हाताला. लाकडाची रग, रेषा कुठं जात्यात ती, बघून घासायचं म्हणून किती बारी सांगितलं?’
मग माझा तोल गेला. म्हटलं, तुमचे डोळे मी, पाय मी, आता हातही मीच! माझं म्हणून काय राहिलंय?
मी पेपर टाकून बाहेर पडले. कुठं जाणार? बाजारातून मेथी घेऊन परत.

३१ ऑगस्ट
संध्याकाळी आले तर आप्पांनी स्वतःची कपबशी विसळून पालथी घातलेली.
आडव्या रेघा घासून काढल्या.

६ सप्टेंबर
स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पहिला हात मारला. हवेत ओल. पेटीवर पांढरा धूर धरल्यासारखं झालं. सगळं वाया! आप्पांना कसं सांगू? सांगितलं.
‘पांढरं आलं व्हय? येनारच. ऊन पडू दे. घाई केली की पॉलिश रुसतंय.’
रागावले नाहीत. उलट हसले! मलाच रडू येत होतं.

१३ सप्टेंबर
लख्ख ऊन. पांढरं झालेलं काढून पुन्हा सुरुवात. हात फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. अकरा हात. खांदा उचलत नाही.
पण नवव्या हाताला लाकूड आतून उजळलं. रेषान् रेष दिसायला लागली. मी ओरडलेच. आप्पा खुर्ची सरकवून जवळ आले. ‘कसला रंग आला? सांग की.’
‘काकवीसारखा. उन्हात धरलेल्या काकवीसारखा.’
‘मग बराबर हाय.’
हे काम माझ्या हातून झालं! कितीतरी वर्षांनी असं वाटलं.

२० सप्टेंबर
यंत्र आत बसवलं. आप्पांच्या दुकानातले जुने सोबती, भरमू मिस्त्री, पेटी बघायला आले. ‘निरोप धाडलाता आप्पांनी,’ म्हणाले. मी चहा करत होते. बाहेर दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं. भरमूकाका म्हणाले, ‘डोळं मिटून मला तरी कळलं असतं काय?’ आप्पा म्हणाले, ‘बघ, मालकाला इचारून सांग.’ पॉलिशचंच काहीतरी असणार. मी विचारलं नाही.
नकाराचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला.

२२ सप्टेंबर, मंगळवार
अर्ज दिला. साहेब म्हणाले, ‘तिसऱ्यांदा येणार नाही हं, बाई.’ माहीत आहे.
घरी आले, भाकरी केल्या. आप्पांनी रेडिओ लावला होता. ऐकता ऐकता माझा डोळा लागला.

२८ सप्टेंबर, सोमवार
आप्पा कामावर गेले!
धुतलेला सदरा घालून सकाळी सातलाच तयार. भरमूकाका न्यायला आले. दुकानातल्या नव्या कारागिरांचं काम बोटांनी तपासायचं, चुकलेलं दाखवायचं. रोज. आप्पा म्हणाले, ‘मी तुला शिकवत नव्हतो, जये. मलाच बघायचं हुतं, डोळ्याबिगर जमतंय काय ते. तुला लई तरास दिला.’ आणि उंबऱ्याशी थांबून — ‘मनुबाईनं सांगितलंय मला. जा तू हुबळीला. माझ्यापायी थांबू नगंस.’
ऑफिसात गेले ती थेट साहेबांपुढे. हुबळीसाठी नाव शुक्रवारीच वर गेलं. दुसऱ्या बाईंचं.
संध्याकाळी आप्पा आले. अंगाला स्पिरिटचा वास. दिवसभराचं किती किती सांगत होते! मध्येच विचारलं, ‘कवा निघायचं तुला?’
मी म्हटलं, कळवतील.