ताई फक्त दोन तासांवर

३ फेब्रुवारी
ताईचा फोन. आवाज इतका बसलेला, की आधी राँग नंबर वाटला. घशाचं ऑपरेशन ठरलंय, चोवीस तारखेला. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, असं सर्जन म्हणाले. तिचं म्हणणं एवढंच, की त्याआधी येऊन जा, पोटभर गप्पा मारू.
फोन ठेवल्यावर रडलो. मग अंतर काढलं. नऊशे चाळीस किलोमीटर, विमानाने दोन तास. म्हणजे काहीच नाही. या शनिवारी जातोच.

७ फेब्रुवारी, शनिवार
गेलो नाही. सर्दी. पेशंटकडे शिंकत जाणं बरं नव्हे. रेल्वेनेच जायचं असतं, तर अठरा तास धरून आज निघावंच लागलं असतं. विमानाचं तसं नाही. कधीही जाता येतं.

१२ फेब्रुवारी
पार्सल ऑफिसात इतकी वर्षं डिस्पॅच सांभाळतोय. आमचा पहिला नियम: लवकर पोचलेला माल गोदामात धूळ खातो. वेळेत पोचवणारी जी शेवटची फ्लाइट, तिनेच पाठवायचा. माझं एकही पार्सल आजवर चुकलेलं नाही. ताईच्या बाबतीतही हेच करायचं. उगाच लवकर गेलो तर बोलून बोलून तिचाच घसा दुखेल.
हिला हे समजावून सांगितलं. ही इस्त्री करत राहिली. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी
पुन्हा ताईचा फोन. आवाज आणखी खाली गेलाय. लहानपणी ताई गल्लीच्या टोकावरून मला हाक मारायची, तर दुकानदार दचकायचे.
"कधी येतोस रे?" म्हणाली.
म्हटलं, "अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे."
ती हसली, खोकला आला, मग भावजींनी फोन घेतला. म्हणाले, ती हल्ली घरात फारसं बोलत नाही. तुझ्यासाठी राखून ठेवते म्हणते.
फार भरून आलं. पुढच्या शनिवारी नक्की.

२१ फेब्रुवारी, शनिवार
ऑफिसात ऑडिट. मागितली असती तर साहेबांनी रजा दिली असती. पण ऐनवेळी कुणाला अडचणीत टाकणं माझ्या स्वभावात नाही. हिने विचारलं, दोन तासांच्या वाटेला तीन आठवडे कसे लागतात? हिला डिस्पॅच कधी कळलंच नाही.
चोवीसची पहिली फ्लाइट बुक केली. सातला उड्डाण, नऊला तिथे, अकराला ऑपरेशन. निवांत गप्पा होतील.

२४ फेब्रुवारी, हॉस्पिटलचं कँटीन
विमान मिनिटभरही लेट नव्हतं. हे लिहून ठेवतो. पुढे बॅग येईना, टॅक्सीची रांग हलेना, आणि मग ते अख्खं शहर. शहर मी धरलंच नव्हतं.
ताईला आत नेलं होतं. ऑपरेशन अकराला असलं तरी पेशंटला दहालाच नेतात, हे मला कुणी सांगितलं नाही. भावजी म्हणाले, फोनवर दोनदा सांगितलं होतं. असेल.

२६ फेब्रुवारी
ताईला भेटू दिलं. गळ्याला बँडेज, हाताला सलाइन. मी एकटाच बोलत सुटलो: विमान, टॅक्सी, ऑडिट. ती ऐकत होती. मग मला जवळ ओढून ओठ हलवायला लागली. बराच वेळ. अधूनमधून थांबून माझ्याकडे बघायची. मी "हो, हो, कळलं" म्हणत राहिलो. शेवटी तिने समाधानाने डोळे मिटले.
बाहेर भावजींनी विचारलं, "काय म्हणाली रे?"
म्हटलं, प्रवास कसा झाला विचारत होती.
मला एक शब्द कळला नाही.