सायकल अजून इथेच आहे

परदेशीपुरा, इंदूर
बुधवार

प्रिय सुरूस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, चौथीत पाटी सुटली ती सुटलीच, तेव्हा सावकाश वाच. आधी कामाचं लिहून टाकते, नाहीतर मी बोलता बोलता भलतीकडे जाते. तू कॉम्प्युटरवर कुरियरच्या हरीची तक्रार केलीस ना, ती मागे घे. सोमवारपर्यंत तक्रार निघाली नाही तर कामावर येऊ नकोस, असं त्याच्या साहेबाने सांगितलंय. बावन्न वर्षांचा माणूस आहे ग. आपले आजोबा कामाला होते त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता. मिल बंद पडली तेव्हा त्याने भाजीचा ठेला लावून बघितला, मग कुणाच्या बंगल्यावर चौकीदारी केली, आणि आता कुठे चार वर्षं ही थैली त्याच्या खांद्यावर टिकली आहे. हीसुद्धा गेली तर या वयात त्याला कोण उभं करणार? तक्रार का मागे घ्यायची तेही लिहिते, पण मला जरा फिरून यावं लागेल.

तू कॉम्प्युटरवर विकत घेतलेली सायकल मजेत आहे. महूच्या त्या फौजीबाई स्वतः जीपमधून सोडून गेल्या. त्यांच्या साहेबांची बदली झाली आसामला, म्हणून विकली म्हणे. किती गोड बाई! म्हणाल्या, आपकी पोती तो कमाल है, पुण्यात बसून महूची सायकल उचलली. मी पण ऐटीत सांगितलं, आमच्या सुरूचं असंच असतं, आवडलं की आवडलं. निळा रंग किती सुरेख ग, अगदी मोराच्या मानेसारखा. सगळी गल्ली बघायला आली. शेजारच्या प्रेमलताकाकूंना घंटी इतकी आवडली की दाबून दाबून त्यांनी माझं डोकं उठवलं. गिअर कशाला असतात ते मला तीनदा समजावलं लोकांनी, तीनदा मी समजल्याची मान हलवली. बाहेरच्या खोलीत आजोबांची खाट होती ना, तिथे ठेवली आहे. सकाळी पोहे करते, चहा घेते आणि तिच्यासमोरच बसते. घरात कुणी पाहुणं उतरल्यासारखं वाटतं.

आता बांधाबांधीची गंमत ऐक. तू म्हणालीस पुठ्ठ्यात गुंडाळून कुरियरने पुण्याला पाठवा. पण आपले विष्णूभाऊ, ते मिलच्या गाठीखात्यात होते, जिथे कापडाच्या गाठी बांधून बाहेरगावी धाडायचे. मिल बंद झाल्यापासून, म्हणजे पंधरा वर्षं, त्यांना कुणी काही बांधायला सांगितलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याला हातच लावू दिला नाही. तरट आणलं, सुतळी आणली, दाभण कुठून तरी शोधून काढलं. पायडल काढले, हँडल वळवलं, आणि दिवसभर ओट्यावर बसून असे काही टाके घातले की वाटावं गाठ कलकत्त्याला निघाली आहे. शेवटी काळ्या रंगाने वर मिलचं नाव आणि गाठीचा लाट नंबरही घालून मोकळे झाले. हाताला सवय! हरी ते धूड लोडिंग रिक्षात टाकून घेऊन गेला आणि दोन तासांत परत घेऊन आला. ऑफिसवाले म्हणाले, पाठवणारी बाई, मग वर मिल कुठली? आणि शिवलेलं आम्ही घेत नाही, आत काय आहे ते बघावं लागतं. विष्णूभाऊ परत ओट्यावर बसले. टाके उसवताना एकदाच म्हणाले, वहिनी, पहले तो हमारी गाठ कोई खोलता नहीं था. मला फार वाईट वाटलं. मग पुठ्ठ्यात बांधली. त्या दिवशीचा उशीर खरा होता, त्यात हरीचा दोष नाही आणि माझाही नाही.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. सायकल निघाली का, म्हणून. किती चिडली होतीस! मग चिडून झाल्यावर सांगत बसलीस, घर लांब पडतं म्हणून घेतलेल्या खोलीतली मुलगी घोरते, मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते, ऑफिस अडीच किलोमीटर आहे आणि रिक्षावाले थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत साडेसातला फोन. तिसऱ्या दिवशी परत. तू बिनसाखरेचा चहा पितेस हे मला आत्ता कळलं बघ. मिल बंद झाली त्या वर्षी तुझा बाबा सुधाकर तुम्हाला घेऊन पुण्याला गेला, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझा आवाज दिवाळीला यायचा, तोही आधी बाबा बोलणार, मग आई, आणि मग तू, घाईत, हॅपी दिवाळी आजी. माझी तक्रार नाही. तुम्हाला कामं असतात. पण आता सात वाजले की मी खुर्ची फोनजवळ सरकवून ठेवते. प्रेमलताकाकू सिरियल बघायला बोलावतात तर म्हणते, मला वेळ नाही, पुण्याचा फोन यायचाय.

सुरू, आता लिहिते. दुसऱ्यांदा हरी आला तो शनिवार होता. मी म्हटलं, शनिवारी लोखंड घराबाहेर काढत नाहीत. शनिवारी विकत घेत नाहीत हे खरं, बाहेर काढत नाहीत हे मी जोडलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा पितृपक्ष सांगितला. चौथ्यांदा तर दाराला कुलूप घातलं आणि प्रेमलताकाकूंच्या खिडकीआड बसले. तो कडी वाजवत उभा होता. त्यांच्या पायरीवर माझ्या चपला त्याने पाहिल्या, आणि निघून गेला. माझं नाव लावू नकोस असं मी त्याला आधीच विनवलं होतं, म्हणून तिन्ही वेळा त्याने पर्चीवर आपली गाडी पंक्चर लिहिली. आणि तू रोज विचारायचीस, आजी, आला का तो? मी म्हणायचे, नाही ग, कुठे आला. फोनवर खरं तोंडातून निघेना, म्हणून हे पत्र. काल तो थैली न घेता आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "माताजी, साइकिल जितने दिन रखना है रखो, पर मैं अब पंक्चर नहीं लिख सकता." उद्या सायकल निघेल, मी स्वतः रिक्षापर्यंत जाईन. पत्र त्याच्याच थैलीतून आज येतंय, शुक्रवारी तुला मिळेल. त्याच दिवशी तक्रार काढ, आणि लिही की चूक आजीची होती. तक्रार निघाली की त्याच्या ऑफिसात आपोआप कळतं म्हणे, तेव्हा काढली हे सांगायला मला फोन करू नकोस. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुझ्या आवाजासाठी मी त्याचंही निमित्त करीन.

तुझीच, खोटं बोललेली,
आजी