डाव्या बोटावरची लोकर

पारनेर
२ डिसेंबर २०२४

ती. छबूताईस,
धाकट्या सत्यशीलेचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागलं, म्हणजे फोन बंद आणि पत्रं सुरू. बरंच झालं. आज जे सांगायचंय ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही.

शुक्रवारी माझ्या विणकामाच्या वर्गाला एक निकिता नावाची सून आली. पाचवा महिना लागलाय. माहेर कर्जतकडचं, आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. तिच्या सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले की डाव्या हाताला काम द्या. सासूबाईंनी हट्ट धरला की शिकेन तर विणकामच. बाजारात कोणीतरी निकिताला सांगितलं की डाव्या बोटावर लोकर घेऊन विणणारी पारनेरात एकच आहे. मी सासूबाईंचं नाव विचारलं. म्हस्केबाई. आपल्या शाळेतल्या.

 ताई, नववीतलं सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण चार दिवस तेच डोक्यात आहे. बाई शिकवायच्या तसं लोकर उजव्या हातात धरून सुईवरून फिरवायची, हे मला कधी जमलंच नाही. माझं डावं बोट आपसूक दोऱ्याखाली जायचं आणि सुई तिथूनच दोरा उचलायची. बाईंनी माझा डावा हात लोकरीनेच बाकाला बांधला. आठ दिवस, रोज पूर्ण तास, चाळीस पोरींसमोर. मग मी घरी लपून दादांसाठी स्वेटर विणला. दम्याने त्यांना थंडी सोसवत नव्हती. तो परीक्षेला नेला, तर बाई म्हणाल्या की शेवटच्या चार ओळी इथेच विणून दाखव. बोट पुन्हा दोऱ्याखाली गेलं. त्यांनी गळ्यापासून सुरुवात करून अख्खा स्वेटर उसवला आणि लोकर कपाटात टाकली. माघात दादा गेले आणि आपण दोघी बापाविना उरलो.

मी निकिताला हो म्हटलंय. मंगळवारपासून बाई येतील. मी काय करणार ते तू ओळखलं असशील.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझी सत्यशीला


पुणतांबा
१० डिसेंबर २०२४

चि. सत्यशीलेला,
छबूताईचे पोटभर आशीर्वाद.

मी बोलते तशीच लिहिते, हसू नको. आमी सगळी बरी हाय. कांद्याची लागण चाललीय, बाया मिळंनात. पोरगा रविराज नवीन ट्रॅक्टर घिऊन दिवसभर गावातच फिरतोय, शेताकडं कमी.

तुजं पत्र वाचलं आन् भाकरी तव्यावर करपली. ती बया जित्ती हाय हेच मला ठाव नव्हतं. देवानं तिचा नेमका उजवाच हात घेतला बघ. तू दयामाया करू नको. तुजा जीव मऊ, पहिल्या दिवशीच तिला चहा पाजला असशील. बांध तिला. तिनं बांधलं तसंच. आन् विणंल तेवढं उसव. तिचं घरचं म्हणतील, शिकवायची रीतच आसंल.

तुजं अक्षर बाकी अजून मुंगी शाईत बुडल्यागत हाय. मोठं लिही, मला चष्म्याचा नंबर वाढवायचा न्हाई.

तुज्यावर जीव टाकनारी,
छबूताई


पारनेर
७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सत्यशीलेचा सा. न. वि. वि.

या वेळी अक्षर मोठं काढलंय. चहा पाजलेला नाही, हेही आधीच सांगते.

महिना झाला, मंगळवारी आणि शुक्रवारी बाई येतात. निकिता रिक्षातून उतरवून आत बसवते आणि बाजार करायला जाते. एका हाताने कसं विणायचं हे मलाही शोधावं लागलं. मोबाईलवर पाहिलं, कुठल्याशा डोंगराळ मुलखातल्या बाया लोकर मानेमागून घेतात, म्हणजे दोरा आपोआप ताणलेला राहतो. तसंच केलं. लोकर बाईंच्या मानेवरून पुढे घेतली. टाक्यांची सुई त्यांच्या निकामी उजव्या हाताला बांधून हात पाटावर पक्का केला. मोकळी सुई डाव्या हातात. दोरा डाव्या बोटाने पुढे सारायचा.

हात बांधायला निकिताने मऊ कापडी पट्टी दिली होती. मी ती बाजूला ठेवली आणि जाड लोकर घेतली. घट्ट बांधली. बाईंना त्या हाताला काही कळत नाही, पण डोळ्यांना दिसतं. वर्गातल्या सृष्टी आणि अश्विनी एकमेकींकडे बघत राहिल्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सहा ओळी विणल्या. एक टाका सुलटऐवजी उलट पडला होता. मी सहाही ओळी उसवल्या. पुढच्या वेळी दहा विणल्या. त्यात चूक नव्हती, तरी वीण सैल आहे म्हणून उसवल्या. ताई, खोटं कशाला लिहू, टाके एकेक करून सुटतात तेव्हा मला इतकं बरं वाटतं की घरी येऊन दोन घास जास्त जेवते.  बाईंची जीभ थोडी जड झालीय. फक्त म्हणतात, पुन्हा टाके घालून द्या.

एक गोष्ट मात्र मला खाते आहे. त्यांनी मला ओळखलेलं नाही. मी सहज विचारलं की शाळेत तुम्ही फार कडक होता का, तर म्हणाल्या की पोरी खूप होत्या, आता काही आठवत नाही. मी मनात सूड घेते आणि त्यांना वाटतं ही शिकवते आहे.

काय करू ते कळव. लोभ कमी करू नकोस.
सत्यशीला

ता. क. अजूनही त्यांना अहोजाहोच लिहिते. हात ऐकत नाही.


पुणतांबा
१६ जानेवारी २०२५

चि. सत्यशीलेला,
ताईचे आशीर्वाद.

तिळगूळ निराळा पाठवलाय, मुंग्या लागायच्या आत खा.

जिला आठवतच न्हाई तिला शिक्षा करनं म्हंजे भिताडाला चापट मारनं. हात आपलाच दुखतो. तिला नाव सांग. तुजं न्हाई, दादांचं.

आता एक सांगते. सदतीस वरीस पोटात ठिवलंय. तुजा स्वेटर उसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा शाळंत गेल्ते. मी संगं हुते. तुला सांगू नको म्हनून त्यांनी माज्या गळ्याची आन घातली हुती. ते रागवाया न्हाई गेले. एवढंच म्हनले की पोरीची लोकर तेवढी माघारी द्या, ती पुन्हा विनंल. बाई खुर्चीवर बसून वह्या तपाशीत हुती. तिनं मान वर केली न्हाई. लोकर जप्त झालीय म्हनली. दादा वर्गाच्या दारात घंटा होईपतूर उभे राहिले. पोरी हसत हुत्या. येताना वढ्यावर ते खाली बसले, छाती भात्यावानी हालत हुती. घरी आले ते अंथरुनावरच पडले, पुन्हा उठले न्हाईत.

तुला सांगितलं असतं तर तू त्या वयात विहीर जवळ केली असतीस. आता तू बावन्न वर्सांची हायेस. आता सांगितलं. काय करायचं ते कर, आन् मला समदं लिही.

तुजी,
छबूताई


पारनेर
१९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं आणि महिनाभर मी काहीच लिहिलं नाही, कारण वाट बघत होते. बाई आता सफाईने विणू लागल्या होत्या. मी उसवणं थांबवलं होतं. मला काहीतरी पूर्ण व्हायला हवं होतं. त्यांनी निकिताच्या बाळासाठी पिवळ्या लोकरीचा स्वेटर घेतला. एका हाताने पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या. काल सगळं जोडून झालं, फक्त गळ्याचे टाके बंद करायचे राहिले होते.

काल वर्गात सातजणी होत्या. निकिताही थांबली होती, स्वेटर घरी न्यायचा म्हणून. मी बाईंच्या मांडीवरून तो उचलला. सगळ्यांसमोर सांगितलं की मी सत्यशीला, कानिफनाथ ठुबे यांची मुलगी. हे तेच कानिफनाथ, जे लोकर मागायला येऊन तुमच्या वर्गाच्या दारात उभे होते. मग गळ्याच्या सुईवरून टाके सोडले आणि दोरा ओढला. जोडाची शिवण कात्रीने सोडत गेले. गळा, खांदे, बाह्या, पाठ. अर्धा तास लागला असेल. 

बाई शेवटपर्यंत बघत होत्या. मग जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाल्या की तुला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. टाके घालून देताना तू लोकर डाव्या बोटावर घेतलीस, तशी घेणारी माझ्या आयुष्यात एकच पोर होती. आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं. तुझे वडीलही आठवतात. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. मी वर बघितलं असतं तर लोकर द्यावी लागली असती, म्हणून बघितलं नाही.

मी विचारलं की ओळखलं होतं तर येत का राहिलात. तर म्हणाल्या की शिकायचं होतं, आणि तू किती वेळा उसवतेस ते बघायचं होतं. माफी मागितली नाही. मीही मागा म्हटलं नाही.

ताई, मी त्यांचा हात बांधत होते तेव्हा तो त्या डाव्या हाताने उचलून जाणूनबुजून पुढे करत होत्या. माझा सूड त्यांनी हातातून काढून घेतला असं वाटलं. निकिता खाली बसली. पोट सांभाळत जमिनीवरची सगळी लोकर गोळा केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जाताना म्हणाली की तुमचं आणि आईंचं काय असेल ते असो, तो माझ्या बाळाचा होता. तिला आई नाही गं. रात्री जेवण गेलं नाही. निकिताचा तो चेहरा जात नाही. ती वाकून लोकर गोळा करत होती तेव्हा मी कात्री हातात घेऊन उभी होते.

सृष्टीने आज वर्ग सोडला.
सत्यशीला


पुणतांबा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीलेला आशीर्वाद.

तुजं पत्र तीनदा वाचलं. दादांचं नाव तिच्या तोंडावर घेतलंस, माजा सदतीस वर्सांचा दगुड उतरला. बया वळखून बसली हुती म्हंजे लईच पोचलेली. तिच्यापुढं वाकू नको. ती मेली तरी मी आंघोळ करनार न्हाई.

पन एक बघ. पत्रात बाईच्या डोळ्यात पानी आलं का न्हाई ते तू लिवलंच न्हाईस. त्या पोरीचा चेहरा मात्र पुन्हा पुन्हा लिवलाय. पोरीनं काय केलं हुतं? दादांनी तरी काय केलं हुतं? बाईनं तुज्यावर हात टाकला आन् लागला दादांना. तू बाईवर टाकलास, लागला त्या पोरीला. मीच तुला उसव उसव म्हनले, म्हनून हे मलाच लिहावं लागतंय.

पोरीकडं जा. मोकळ्या हातानं जा, नवीन स्वेटर बिटर घिऊन जाऊ नको, ते लाच दिल्यागत दिसतं.

तुजी ताई,
छबू


पारनेर
६ मे २०२५

ती. ताईस,
सत्यशीलेचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर आठ दिवस हिंमत झाली नाही. मग गेले. निकिताने पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, आपल्या ओढ्यापर्यंतचं.  शेवटी मी म्हटलं की मी तसाच स्वेटर दोन दिवसांत विणून देते. ती म्हणाली की तुमच्या हातचा माझ्या बाळाला नको. त्याच लोकरीचा आईच पुन्हा विणतील, तुम्ही शेजारी बसून शिकवायचं, आणि यातला एकही टाका उसवायचा नाही. चुकला तरी नाही. मी हो म्हटलं.

ताई, इतकी अवघड शिक्षा मला कोणी दिली नव्हती. उसवलेली लोकर दोनदा वापरली की वेडीवाकडी होते, बाईंचा हात थरथरतो. पाठीवर एक ओळ उलटी पडली. मी बघितली आणि गप्प बसले. डाव्या काखेत टाका गळला, बोटाएवढं भोक राहिलं. बाईंनाही ते दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या पुढे विणत गेल्या. हात आता कापडी पट्टीने बांधते.

सतरा एप्रिलला निकिताला मुलगी झाली. परवा बारसं झालं. मला बोलावणं येईल असं वाटलं नव्हतं, पण निकिताने रिक्षा पाठवली. एवढ्या उन्हातही तिने पोरीला तो पिवळा स्वेटर घातला होता, पाच मिनिटांपुरता, सगळ्यांना दाखवायला. बायका विचारत होत्या की एका हाताने हे कसं जमलं. बाई त्यांच्या जड जिभेने सांगत होत्या की शिकवणारी चांगली आहे. त्यांचं कौतुक मला नको होतं. मी पान घेऊन कोपऱ्यात सरकले.

मग निकिताने पोरीला माझ्या मांडीवर दिलं. पोरीने हात उचलला आणि काखेतलं भोक दिसलं. एका टाक्याचं काम, सुई माझ्या पिशवीत होती. माझं बोट त्या भोकाशी गेलं. वर बघितलं तर निकिता माझ्याकडेच बघत होती. मी बोट काढून घेतलं आणि पोरीची बाही खाली केली.

सृष्टी परत यायला लागलीय. बाईंना मी माफ केलेलं नाही. आमच्यात दोऱ्याबद्दल सोडून एक शब्दही बोलणं होत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवते मात्र. आता त्या टोपी विणायला घेणार आहेत.

कांदा निघाला की चार दिवस ये. तुझ्या मायेवाचून मला दुसरं काही नको.
तुझी
सत्यशीला