महोदय, माझ्या हृदयास वेदना होत आहेत

२ नोव्हेंबर

वा! काय वाक्य बोलली पोर! जेवता जेवता चमचा खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली — "महोदय, माझ्या हृदयास वेदना होत आहेत." शेवटच्या अक्षरांवरचे स्वर जिथल्या तिथे! अशीच पुस्तकी अरबी आमच्या तोंडून यावी म्हणून शाळेतले अरबीचे मास्तर पट्टी आपटून आपटून थकले बिचारे. आणि आज ती बोलतंय कोण? जॉर्जियातल्या कुताईसीहून एका सत्रापुरती अरबी शिकायला आमच्या घरी राहिलेली तेक्ला — बाब सुईका मोहल्ल्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी! मी टेबलावर थाप मारली. म्हटलं, विरह! पोरीला घर आठवतंय. लगेच शाळेतली विरहाची कविता म्हणून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डोळे मिटून ऐकत होती.

माझी बायको बेया चुलीपाशी खदखदली — "अहो कविराज, विरह कसला! कल्ब दुखतो म्हणतेय ती. पोट बिघडलंय. काल तुम्हीच तिच्या लब्लाबीच्या रश्श्यात एवढी तिखटजाळ हरीसा ओतलीत, छोले दिसेनात!"

तेही खरंच. पुस्तकात कल्ब म्हणजे हृदय. आमच्या गल्लीत कल्ब दुखला म्हणजे पोट दुखलं. बेयाने रोझमेरीचा काढा उकळून दिला. पोरीने घेतला. "मी आपली कृतज्ञ आहे, माते." बेया हसून हसून भिंतीला टेकली.

४ नोव्हेंबर

तेक्ला वर्गाला गेली नाही. डाळिंबाचे दाणे वाटीत तसेच.

५ नोव्हेंबर

घरी येऊन आधी वही उघडली.

सकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली दिसली. ओठ राखेच्या रंगाचे. श्वास तोडून तोडून घेत होती. मी वाकून विचारलं, "पोरी, नक्की कुठला कल्ब?" तिला प्रश्नच कळेना — तिच्या पुस्तकात एकच आहे ना! मग तिने बेयाचा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर डावीकडे दाबून ठेवला. बेयाचा चेहरा उतरला.

"शादली! पोटाचं नाही बोलत ही!"

इतक्या वर्षांच्या संसारात बेयाने मला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. चिडली तरी आधी मानाचं 'सी' लावते.

टॅक्सीवाला आरशात बघून म्हणाला, "ही बातम्या का देतेय हो?" दवाखान्यातला तरुण डॉक्टरही आधी हसलाच. ती म्हणत होती, "हे वैद्यराज, मजवर दया करा." तो म्हणाला, "हाज काका, माझा पोरगा कार्टून बघून अस्संच बोलतो!" मग त्याने नळी छातीला लावली. मग नाही हसला.

तेक्लाच्या भाषासंस्थेतल्या बाई धावत आल्या. त्यांनी सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला — तेक्लाला फ्रेंच उत्तम येतं! पण सत्राच्या पहिल्या दिवशी सगळी मुलं शपथ घेतात, सत्र संपेपर्यंत, घरचा फोन सोडला तर, अरबीशिवाय दुसरी भाषा तोंडातून काढणार नाही. बाकीची दुसऱ्याच दिवशी मोडतात. हिने पाळली! फ्रेंचचा एक शब्द बोलली असती तर मला, बेयाला, त्या टॅक्सीवाल्यालाही पहिल्या दिवशीच कळलं असतं.

आणि मी? शपथ मला ठाऊक होती, फ्रेंच नव्हतं; बेकरीवाल्याला छाती फुगवून सांगत होतो — आमची पोर शपथेची पक्की!

६ नोव्हेंबर

वही कोटाच्या खिशात घालून आणली आहे. दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. नाहीतर हातांचं काय करू?

हृदयाभोवती पाणी जमलंय म्हणतात. मागच्या महिन्यात सर्दीताप झाला होता, त्यातून. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हयात घालवली. कुठे पाणी साचलं की माणसं पाठवायची, बस्स! इथे कुणाला पाठवू?

आत एकालाच सोडतात. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "ग्लानीत सारखं मामा, मामा चाललंय. तुम्ही या आत, लल्ला बाई." बेया पदराने डोळे पुसत गेली. बरोबरच आहे. आमच्याकडे मामा म्हणजे आई; आजारात तीच आठवायची. कचेरीतल्या निवृत्त महोदयांना कोण हाक मारतं!

तरी दार लागलं तेव्हा जरा लागलं मनाला. कशाला खोटं लिहू.

७ नोव्हेंबर

ताप हटत नाही. मी घाबरलोय. लिहून टाकलं.

८ नोव्हेंबर

बेया बाहेर आली, चप्पल काढून बाकावर पाय घेतले. "मी हात धरते, अहो, तर ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघते. आणि पुन्हा मामा, मामा. मी आहे ना इथे! मग कुणाला बघते?"

"तिच्या आईला."

"हं. आई उद्या उतरतेय विमानाने. काय सांगणार तिला? कविता म्हणून दाखवणार?"

बोलून गेली आणि मग तिनेच माझ्या मांडीवर हात ठेवला.

काय सांगणार, खरंच. दुपारभर शाळाच डोळ्यांपुढे — ओल्या पाट्यांचा वास, दप्तरातल्या पावाला लागलेलं ऑलिव्हचं तेल, आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडतोय: हृदय असं नि हृदय तसं! फुटतं काय, जळतं काय, पाखरासारखं उडतं काय! मान डोलवून डोलवून पाठ केलं. त्यात पाणी साचतं हे एकाही कवितेत नव्हतं. आज त्यातली एक ओळ म्हणायला गेलो, तर अर्ध्यावरच सोडली.

उद्या सकाळी सुई घालून पाणी काढणार. डॉक्टर म्हणाला, "बहुतेक सगळं नीट होईल, हाज." बहुतेक! हा शब्द घरी घेऊन आलोय, जेवण जात नाही.

९ नोव्हेंबर

तिची आई आली, थेट विमानतळावरून. तिचं फ्रेंच मोडकं, माझं गंजलेलं. धीर द्यावा म्हणून म्हटलं, "बाई, पोरीने तुमचाच धावा केला हो. सारखी मामा, मामा."

ती म्हणाली, "आमच्यात आईला देदा म्हणतात. मामा म्हणजे बाप."

"मग ते कधी येतायत?"

"ते ती पाळण्यात असतानाच गेले." मग माझ्याकडे वळून, "फोनवर रोज सांगते ना मला. मामा शादली आज हे म्हणाले, मामा शादलींनी आज ही कविता म्हटली..."

बेयाने तोंडावर हात घेतला.

दार उघडलंय. नर्स नवीन आहे, या दोघींकडे बघून विचारतेय — "सुई घालायच्या आधी दोन मिनिटं. पेशंटची मामा कोण? एकटीच आत या!"

उठतो.