राखेतली टाच

आई,

दुपारपासून हातात एकच कागद आहे आणि तो भरून होत नाही. सात वर्षांच्या एका मुलीचा अहवाल आहे. जन्मताना मेंदूला इजा झालेली, पाय ताठ, माझ्यासारखीच चवड्यांवर चालते. टाचेमागची आखडलेली शीर ऑपरेशनने मोकळी करायची की थांबायचं, हे डॉक्टर उद्या माझा कागद बघून ठरवणार आहेत.

आता आमच्या फिजिओथेरपी केंद्रात एक चष्मा आलाय. तो घातला की मुलांना साध्या फरशीवर ओढा दिसतो आणि ओढ्यात दगड. टाच टेकली की दगड हिरवा होतो, नाही टेकली तर बुडतो. तुझ्याकडे चष्मा नव्हता, कोराडीच्या वीजकेंद्राची राख होती. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये रात्रभरात फरशीवर बारीक थर बसायचा. बाकीच्या बायका उठल्या उठल्या पुसून घ्यायच्या, तू मात्र मी चालून होईपर्यंत फडकं धरून उभी. मी ओट्यापासून दारापर्यंत जाते, तू वाकून ठसे बघतेस. "बोटंच दिसून राहिले. टाच कुठं गेली वं?" रोज तेच. मला त्या राखेचा, तुझ्या वाकण्याचा, माझ्या पायांचा संताप यायचा.

मग एका सकाळी टाच उमटली. दुसऱ्या दिवशीही. तू शेजारणींना बोलावून दाखवलीस, बर्डीच्या बाजारातून लाल बूट आणलेस आणि माझ्या ऑपरेशनची मिळालेली तारीख सोडून दिलीस. "पोरगी आपल्या हिमतीनं चालून राहिली, काहून कापाकापी करायची?" पुढे पाय वाकडा होत गेला तशी तू स्वतःलाच बोल लावत राहिलीस, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा. मी तुझे पाय चेपत राहायचे.

आज ती मुलगी चष्मा घालून चालली आणि सगळे दगड हिरवे झाले. तिचे वडील मोबाइलवर शूटिंग करता करता रडायला लागले. मी खाली बघत होते. प्रत्येक पावलाला ती हळूच हाताने गुडघा मागे दाबत होती, तेव्हा कुठे टाच टेकत होती. चष्म्याला टाच कळते, हात कळत नाही. वडील बाहेर गेल्यावर मी विचारलं, "हात काहून लावते वं?"

"बाबा खुश होऊन राहिले ना, मॅडम."

तेव्हापासून मी या खोलीत लंगडत येरझाऱ्या घालते आहे. आत्ता शेवटी लिहिलं: टाच हाताने टेकवते, आपोआप टेकत नाही. उद्या तिच्या वडिलांना मीच सांगणार आहे. रागावले तर रागावू देत.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, ड्रॉवरमध्येच राहील. आई, तू चहाचं आधण ठेवायला पाठ वळवायचीस ना, तेवढा वेळ मला पुरायचा. महालक्ष्म्यांची पावलं मुठीने काढायला तूच शिकवलं होतंस. राखेतल्या त्या टाचा माझ्या मुठीच्या होत्या.